काळ्या पट्ट्यातले कण अखेर सुटले

दोन फटींच्या क्वांटम प्रयोगात कण फटींपासून पडद्यापर्यंत कुठल्या वाटेनं जातात ते कोडनं काढतोय. पडद्यावर उजेडाचे आणि काळे पट्टे पडतात; मागच्या अपडेटमध्ये कण काळ्या पट्ट्याजवळ गेले की कोड फुटत होता. आता चालतोय.

मेडेलुंगची १९२७ ची समीकरणं (क्वांटम लाटेला द्रवाच्या प्रवाहासारखं मांडणारी) थेट चालवायचा हट्ट सोडला. नुसती घनता आणि वेग घेऊन प्रवाह पुढे न्यायचा तर क्वांटम पोटेन्शियल (प्रवाहावर जास्तीचा जोर लावणारं पद) लागतं, आणि त्यात आयामाच्या (लाटेच्या उंचीच्या) वक्रतेला आयामानंच भागायचं असतं. पट्ट्यात आयाम शून्याच्या आसपास, म्हणजे भागाकार आभाळाला टेकतो. ग्रिड बारीक केली, उपयोग शून्य. स्मूदिंग लावलं तर पट्टेच पुसले गेले. शेवटी साय (ψ, म्हणजे क्वांटम लाटेचं फलन) स्प्लिट-स्टेपनं (प्रत्येक पाऊल तुकड्यांत सोडवायच्या पद्धतीनं) वेगळी सोडवली आणि वेग तिच्यातून काढला. सायची फेज (लाटेचा कोन) काढून तिचा उतार घ्यायच्या फंदात पडू नका. २ पायची उडी आली की खोटा वेग मिळतो. सायच्या उताराला सायनं भागा, काल्पनिक भाग घ्या, एच-बार (प्लँकचा स्थिरांक एच भागिले २ पाय) भागिले वस्तुमानानं गुणा.

तरी काही कण भरकटत होतेच. पट्ट्यात वेग एकदम चढतो, आरके-४ चं (कण पुढे सरकवणाऱ्या रुंगे-कुट्टा पद्धतीचं) ठरावीक वेळेचं पाऊल तिथं फार लांब पडतं. वेगानुसार पाऊल आखूड होईल असं केलं, आणि मग जे चित्र आलं! परभणीत मे महिन्यात माणसं एका लिंबाच्या सावलीतून दुसरीत तापलं डांबर पळत ओलांडतात, तसे कण काळा पट्टा झपकन पार करून उजेडाच्या पट्ट्यात रेंगाळतात. वरच्या फटीतला एकही कण मधली रेघ ओलांडत नाही, अगदी फिलिपिडिस, ड्यूडनी आणि हायली यांनी १९७९ मध्ये काढलेल्या अशाच वाटांच्या आकृतीसारखं. सुरुवातीला कण साय-वर्गाच्या (कण कुठं सापडेल त्या शक्यतेच्या) प्रमाणात पेरले होते; पडद्यावरचा हिस्टोग्रामही साय-वर्गावर चपखल बसला. लाइट जायच्या आत सेव्ह केला, हे नशीब.

नमपायनं (पायथॉनची फुकट गणिती लायब्ररी) एवढं निभावलं, महागड्या पॅकेजची गरज नाही.

हलत्या तेलावर उड्या मारत स्वतःच्या लाटांवर चालणाऱ्या थेंबांचा प्रयोग लांबणीवर. सिलिकॉन तेल २० सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) मागवलं, विक्रेत्यानं ३५० चं, खूपच दाट पाठवलं. त्यात थेंब चालणार कुठून? तसंही थेंबही दोन फटींतून जाऊन असेच पट्टे पाडतात या २००६ च्या दाव्याला २०१५ मध्ये डेन्मार्कच्या गटानं धक्का दिलाच आहे.

त्यापेक्षा हे लिहिता लिहिता सुचलं: टू-डी करू. तिथं नोडभोवती (साय शून्य होते त्या बिंदूभोवती) भोवरे येतात आणि एका फेऱ्यातलं अभिसरण (फेरीभर वेगाची बेरीज) एच भागिले वस्तुमानाच्या पूर्णांक पटीतच असतं. ही पूर्णांकाची अट नुसत्या मेडेलुंग समीकरणांतून येत नाही, वॉलस्ट्रॉमचा १९९४ चा आक्षेप हाच. साय घेतली की ती आपोआप येते. तेव्हा आधी तीन फटी, ५१२ बाय ५१२ ग्रिड. टू-डी एफएफटीचा (जलद फूरिये रूपांतराचा, स्प्लिट-स्टेपला तो लागतो) कुणाचा तयार कोड असेल तर टाका.