पुणे-गुहागर व्हाया कुंभार्ली घाट: बॅटरी गेली नव्हती, डायनामो गेला होता

जुलैच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सहाला निघालो, मी, बायको, मुलगी आणि बाबा. गाडी डिझेल स्विफ्ट, २०१४ ची, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलेली. उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठवरून पाटण, मग कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. रस्ता बऱ्याच जणांना माहीत आहे त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही, पाटण ते चिपळूण या पट्ट्यात जे झालं तेच लिहायचंय, कारण आमचे १४ हजारांच्या वर पैसे गेले आणि त्यातले जेमतेम तीन हजार खरे लागणार होते.

पाटणला चहाला थांबलो, परत चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. त्याआधी सातारा सोडल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद लुकलुकला होता, मी बघितला होता आणि पावसामुळे असेल म्हणून सोडून दिला. तुम्ही सोडू नका. तो दिवा बॅटरी खराब झाली असं सांगत नाही, चार्जिंग होत नाही असं सांगतो, आणि चार्जिंग करतो तो डायनामो, म्हणजे अल्टरनेटर.

जवळच्या गॅरेजमधून एक जण आला, केबलचे चिमटे लावून गाडी चालू करून दिली आणि म्हणाला, "सेल गेलाय साहेब, बॅटरी बदला, घाटात बंद पडली तर पंचाईत होईल." व्होल्टेज बघायला मीटर लावला नाही, काही नाही. पाऊस कोसळत होता, बाबा गाडीत बसून कंटाळलेले, मी हो म्हणालो. जुनी घेऊन नवीन बॅटरी ५,४०० ला. जुनी फक्त १४ महिन्यांची होती, ३६ महिन्यांच्या वॉरंटीतले २२ महिने शिल्लक असलेली, ती त्याच्याकडे गेली ती गेलीच. नवीन बसवून गाडी चालू केली तरी लाल दिवा तसाच. विचारलं तर म्हणे "नवीन बॅटरी आहे, दहा-वीस किलोमीटर चालली की जाईल." हे साफ खोटं आहे. डायनामो चार्ज करत असेल तर इंजिन चालू झाल्या झाल्या दिवा जातो. या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी घरच्यांना घेऊन घाटात उतरलो, याचा राग अजून गेलेला नाही.

पुढे काय होणार हे खरं तर साध्या हिशोबात कळतं. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे ३५ अँपिअर खेचले तर साधारण तासभर पुरणारी. पावसात हेडलाइट, वायपर, काच धूसर होते म्हणून ब्लोअर, इलेक्ट्रिक स्टिअरिंग, इंजिनचा स्वतःचा कंट्रोल, सगळं मिळून २५-३० अँपिअर खेचणार. म्हणजे साधारण सव्वा तास. आणि अगदी तसंच झालं, पाटण सोडून एक तास दहा मिनिटांनी, घाट उतरताना. आधी वायपर हळू झाले, मग एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले, मग एका वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. दोन्ही हातांनी आणि खांद्याच्या जोराने वळवलं, एका बाजूला कडा, समोर धुक्यात येणारा ट्रक, आणि इंजिन बंद. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक दोन-तीन दाबांपुरताच नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल कडक होतं, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून धरा आणि कडेला घ्या. मग हँडब्रेक, आणि गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर आणि चाकांच्या पुढे दगड. बायकोने भर पावसात उतरून दगड लावले. मुलगी रडत नव्हती, गप्प बसली होती, ते जास्त वाईट वाटलं.

मोबाइलला रेंज नाही. इन्शुरन्ससोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे पण फोनच लागत नाही तर उपयोग काय. पाऊण तासाने एक पिकअपवाला थांबला, त्याने खाली पोफळीला पोचल्यावर निरोप दिला आणि टोइंगवाला आला. चिपळूण तिथून पंचवीस-तीस किलोमीटर, त्याचे ४,५०० घेतले. घासाघीस करायची ताकद नव्हती. तुम्ही गाडी हुकला लावायच्या आधी आकडा ठरवून घ्या, आणि असिस्टन्सचा नंबर आणि पॉलिसी नंबर कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी पुढे जाऊन फोन करायला देता येतो.

चिपळूणला रात्र काढावी लागली, लॉज १,६००. सकाळी पहिल्या दुकानात सांगितलं, डायनामो नवीनच टाकावा लागेल, १३,८०० आणि कोल्हापूरहून यायला दोन दिवस. लॉजवाल्यांनी बहादूरशेख नाक्याकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं, वयस्कर माणूस, छोटं दुकान. त्यांनी पहिल्यांदा मीटर लावला. म्हणाले, "बॅटरी कोणी बदलली? बॅटरीला काय झालेलं नव्हतं." गाडी उचलली, डायनामो उतरवला, खोलला, आणि आतले दोन कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ब्रश, माझ्या तळहातावर ठेवले. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढे उरले होते, एक तर तिरका झिजलेला. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, हाताने फिरवून दाखवला तर बेअरिंग खरखर करत होतं, आत लालसर चिखल. खड्ड्यांतलं पाणी खालून उडतं आणि डायनामो खालीच असतो, कोकणात हे काम पावसाळ्यात कायम येतं असं ते म्हणाले. स्टेटरचं (बाहेरच्या स्थिर भागाचं) वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, आणि एसी वीज डीसी करणारी डायोड प्लेट तपासली, दोन्ही चांगली निघाली.

बिल: कटआऊट म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर १,१००, कार्बन २५०, दोन बेअरिंग ६००, काढण्या-बसवण्याची मजुरी ९००. एकूण २,८५०. साडेतीन तासांत काम झालं. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. त्यांना काका म्हणून वाकून नमस्कार करावासा वाटला आणि मी केला.

माझं स्पष्ट मत, वायंडिंग आणि डायोड चांगले असतील तर नवीन डायनामो घेऊ नका. वायंडिंग किंवा डायोड गेले असतील आणि गाडी लाखभर किलोमीटरच्या पुढे असेल तर मात्र नवीन परवडतो. कोणीही "पूर्णच बदला" म्हणालं की खोलून दाखवा म्हणा. आणि बेल्ट आणि डायनामोचा मोठा फ्यूज आधी बघायला लावा, कधी कधी तेवढंच असतं.

तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर गाडीत ठेवाच. २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावायचा, रात्रभर उभी गाडी असेल तर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवं, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा, १३ च्या खाली गेलं तर चार्जिंगमध्ये गडबड आहे, आणि बॅटरी विकायला आलेल्याला हाच आकडा दाखवा. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून "टेस्ट" करणारे अजून भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका, व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, मग खर्च कितीतरी पटीने वाढतो.

दिवा लागलाच तर एसी, ब्लोअर, टेप, चार्जर सगळं बंद करून जवळच्या मोठ्या गावाकडे जा, गाडी मध्ये बंद करू नका, आणि घाटात तर अजिबात शिरू नका. पाटणला आम्हाला कळलं असतं तर मागे कराड होतं, सपाट रस्ता, तासाभराच्या आत.

गुहागरला एक दिवस कमी मिळाला, वेळणेश्वर-हेदवी छान झालं. येताना पोफळीला घाट चढायच्या आधी मीटर लावला, हेडलाइट-वायपर चालू, १४.१. वर माथ्यावर थांबून परत लावला, १४.१. मुलीने स्वतः वाचून आजोबांना ओरडून सांगितलं.