सालींची वही : आठवा महिना

झाडांच्या औषधी साली वाळवून, ओळखून मी ज्या वहीत टिपते, तिच्यात या महिन्यात दोनच नव्या नोंदी झाल्या, एकूण चौदा. बाकीचा वेळ जुन्या नोंदी तपासण्यात गेला, आणि त्याला कारण माझीच चूक. वाळत घातलेल्या दोन ताटांमधल्या नावाच्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडाल्या. झाडावर असताना या दोन साली मी लांबूनही ओळखते. वाळल्यावर मात्र दोन्हींचे तेच तपकिरी, आत वळलेले तुकडे. मोडून पाहिले, वास घेतला, भिंगाखाली धरले. एकीबद्दल बऱ्यापैकी खात्री वाटली, तरी दोन्ही टाकून दिल्या. औषधी सालीच्या बाबतीत ‘बहुतेक हीच’ म्हणजे ओळख पटलेली नाही. आता प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधते आणि त्याच झाडाचं पान वहीत दाबून ठेवते. अशोकाच्या सालीत उभ्या अशोकाची साल मिसळलेली सापडते ती यामुळेच: नाव जवळचं, झाडं वेगळी, आणि पान नसेल तर डोळा सहज फसतो.

दालचिनीचा फरक त्या मानाने हातात घेताच कळतो. सिलोन दालचिनीची कांडी म्हणजे एकात एक गुंडाळलेले कागदासारखे पातळ पदर, बोटाने चुरडतात. कॅसिया ही दालचिनीचीच दुसरी जात, तिची कांडी एकाच जाड सालीची आणि कडक. फरक नुसत्या चवीचा नाही. कॅसियात कूमारिन हे नैसर्गिक रसायन बरंच जास्त असतं आणि काही लोकांच्या यकृताला ते बाधतं. युरोपात ठरवलेली रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाच्या साधारण २ ग्रॅम पुडीत तेवढं भरतं. चिमूटभर मसाल्याची चिंता नाही, पण ‘रोज एक चमचा’ वाल्यांनी आपल्या डब्यात कोणती कांडी आहे ते आधी पाहावं.

सध्या जीव अडकलाय तो विलोत. आपल्या वाळुंजाच्याच कुळातलं हे झाड. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेला कळवलं की विलोची साल पिशवीत भरून पाववाल्याच्या भट्टीवर तीन महिन्यांहून जास्त वाळवली, तिची पूड केली आणि हिवतापाच्या सुमारे ५० रुग्णांना दिली. त्याचं हे वाळवणं वाचून मला माझ्या घाईची लाज वाटली. सालीतल्या सॅलिसिन या घटकाचं शरीरात सॅलिसिलिक आम्ल होतं, म्हणजे ही ॲस्पिरिनच्या घरातली वस्तू. म्हणूनच ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात व्रण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, तोंडावर आलेली शस्त्रक्रिया, यातलं काहीही असेल तर ती नको. ताप आलेल्या मुलांना तर अजिबात नको. ‘नैसर्गिक आहे, चालेल’ हे इथे कुणी म्हटलं की मला खरंच भीती वाटते.

ताजं ते चांगलं हा माझा समजही या महिन्यात गेला. कॅस्कारा या रेचक सालीला निदान वर्षभर जुनी व्हावं लागतं किंवा उष्णता द्यावी लागते. ताजी घेतली तर उलट्या आणि पोटात कळा.

अर्जुनाच्या सालीच्या पाण्यात गंजका खिळा टाकून पाहिला. काही वेळात लालसर पाणी निळसर काळं झालं. सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोहाला असं धरतं, आणि पोटातही धरतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि असा काढा एका वेळी घेऊ नयेत. पिण्यासाठी मी स्वतः अजून एकही काढा केलेला नाही. एकाच जातीच्या दोन झाडांत औषधी अंश वेगळा असतो आणि तो घरी मोजता येत नाही.

साल घेते ती फक्त छाटलेल्या फांद्यांची. खोडाभोवती पूर्ण कडं काढलं की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि झाड उभ्याउभ्या मरतं. वर्दळीच्या रस्त्याकडेची झाडंही वगळली. धुरातले जड धातू सालीत साठतात.

विलो १०० ग्रॅम ओली होती, बाराव्या दिवशी ४६ भरली. आतला पदर अजून वाकतो, मोडत नाही. वजन सलग दोनदा सारखं आलं की बरणीत भरेन.