मुलाची काजूची अ‍ॅलर्जी आणि एपिपेन घेऊन पुण्याची ट्रिप

माझ्या मुलाला काजू-पिस्त्याची सिव्हिअर अ‍ॅलर्जी आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मे महिन्यात पुण्याला घरच्या मुंजीला जायचं ठरलं आणि माझं टेन्शन सुरू झालं, कारण आपल्याकडे ग्रेव्हीत काजू, मिठाईत काजू, आणि एपिपेन, म्हणजे अशा रिअ‍ॅक्शनमध्ये लगेच मांडीत द्यायचं अ‍ॅड्रेनलिनचं तयार इंजेक्शन, काही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅड्रेनलिन असतं, पण अँप्युलमधलं, म्हणजे काचेच्या कुपीतलं, सिरिंजमध्ये भरून द्यायचं.

अ‍ॅलर्जिस्टकडून जास्तीचे पेन आणि प्रवासासाठी लेटर घेतलं. मुलगा 30 किलोच्या आतला म्हणून त्याला 0.15 मिलिग्रॅमचा ज्युनिअर. इन्शुरन्सने इतक्यात रिफिल नाही म्हणून अडवलं, व्हेकेशन ओव्हरराइड (प्रवासासाठी औषध वेळेआधी द्यायची मंजुरी) मागितला तेव्हा सुटलं. पेन केबिन बॅगेतच ठेवले, आणि पुण्यात ना फ्रीजमध्ये ना उन्हात उभ्या गाडीत.

खरं काम घरच्यांना शिकवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आधी सेट्रिझिन देऊन बघू ना, एवढ्याशा पोराला डायरेक्ट सुई कशाला?" त्यांना सांगितलं, आई, त्याने खाज कमी होईल, पण घसा सुजला, बीपी पडलं तर त्या गोळीने काही होत नाही. मग बिनसुईच्या ट्रेनर पेनवर प्रॅक्टिस. सासूबाई बॉलपेनचं बटण दाबावं तसा अंगठा वर ठेवायच्या, मी पुन्हा पुन्हा मूठ नीट करून द्यायचे. निळं टोपण ओढायचं, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरात दाबायचं, टक् वाजलं की 3 सेकंद तसंच धरायचं, पँटवरून चालतं.

मुंजीत पनीरची भाजी खाल्ली आणि थोड्याच वेळात अंगावर गांधी, उलटी, मग खोकला थांबेना. मी वाट बघितली नाही. आईंनी त्याचा पाय घट्ट धरला, मी पेन दिला, त्याला आडवं केलं, पायाखाली उशी, दिराने 108 ला फोन लावला. 5 ते 15 मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा द्यायचा असतो म्हणून तो हातातच होता, पण श्वास मोकळा झाला.

हॉस्पिटलला जाताना वापरलेला पेन आणि दिल्याची वेळ सोबत नेली. रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटू शकते म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. दुसरी जोडी होती म्हणून पुढचे दिवस आणि परतीचा प्रवास निभावला, तेव्हा तुम्ही नेणार असाल तर एकाच जोडीवर निघू नका, आणि एक्स्पायरी बघून घ्या.