मुलांचं खाणं मोजताना: कालचं विचारा, ताटातलं तोला

'रोज पालेभाजी कोण कोण खातं?' असं बाईंनी तिसरीच्या वर्गात विचारलं की सगळे हात वर. बाईंना काय ऐकायचंय ते पोरांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून 'रोज'चं सोडा, कालचं विचारा: काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत.

आठ वर्षांखालच्या मुलाच्या एकट्याच्या आठवणीवर विसंबू नका, आई किंवा आजीला सोबत बसवा. शाळेत आणि गल्लीत काय खाल्लं ते मात्र मुलालाच विचारायचं, तेही घरच्यांच्या माघारी. आधी त्याला न टोकता बोलू द्या. मग वेळेनुसार फिरा: शाळेआधी, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, खेळताना, रात्री. शेवटी हमखास सुटणाऱ्या गोष्टी विचारा: चहा-बिस्किटं, पाच रुपयांचं पाकीट, प्रसाद, बोरं-चिंचा. 'दूध प्यायलो' म्हणाला तर रंग विचारा. बऱ्याचदा तो चहा निघतो.

'एक वाटी' असं नुसतं लिहून घेऊ नका. एका घरातली वाटी १२० मिलिलीटरची, शेजारची २००ची. त्याच वाटीत पाणी ओतून मापाच्या भांड्यात मोजा. भाकरी-पोळीचा आकार हातानं दाखवायला सांगा. पाकिटाचं वजन त्याच्यावरच छापलेलं असतं.

सोमवारी विचारलं तर रविवारचं मटण हाती येतं. शाळेचे दोन आणि सुट्टीचा एक, असे लागून न येणारे तीन दिवस घ्या. उपवास, जत्रा, आजारपण असेल तर तशी नोंद करा किंवा दिवस बदला.

शाळेतल्या जेवणाची गोष्ट वेगळी, तिथे वजनकाटाच हवा. पोषण आहारात पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. पण हा शिजवण्याचा हिशेब झाला, पोटात गेल्याचा नाही. समजा ४० मुलांना १४ किलो खिचडी वाढली, म्हणजे सरासरी ३५० ग्रॅम. ताटांत २.१ किलो उरली, तर १५ टक्के वाया. पातेल्यात उरलेली यात धरू नका, तिचं वजन वेगळं.

नुसत्या टक्क्यावर थांबलात तर खरी गोष्ट निसटते. ताटाच्या कडेला काय सारलंय ते बघा: टोमॅटोच्या साली, कोबी, गाजराच्या फोडी. उष्ट्यासाठी दोन भांडी ठेवा, एकात भात, दुसऱ्यात वेचून टाकलेली भाजी. कढीपत्ता आणि मिरचीची देठं आधीच काढून टाका. १५ टक्क्यांत जवळपास सगळी भाजीच असेल, तर त्या ५० ग्रॅमांतली निम्मीसुद्धा पोटात गेलेली नसते. आणि वाढपाच्या वेळी दप्तरांकडे लक्ष असू द्या: धाकट्या भावंडासाठी डब्यात भरून नेलेली खिचडी ताट रिकामं दाखवते आणि 'खाल्ली'मध्ये जमा होते.