तुम्ही विचारलंत म्हणून: लोविसाच्या नावाशी थांबलेली रेघ

‘स्कँडिनेव्हिया, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे, एक व्हायची संधी नेमकी कधी हुकली?’ माझं वाचनाचं वेड ठाऊक असलेली माणसं हे हमखास विचारतात. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: १८६४. प्रशिया आणि ऑस्ट्रिया डेन्मार्कवर चालून आले, आणि स्वीडन-नॉर्वेचा राजा पंधरावा कार्ल मदतीला गेलाच नाही. आदल्या उन्हाळ्यात त्याने डेन्मार्कच्या सातव्या फ्रेडरिकला सैन्याचा शब्द दिला होता. पण शब्द राजाचा आणि तिजोरी मंत्र्यांची. अर्थमंत्री ग्रिपेनस्टेट अडून बसले, आणि इकडे डेन्मार्कच्या हातून श्लेस्विग-होल्स्टाइन हा दक्षिणेचा मुलूख गेला.

मी मात्र १८१० म्हणते.

स्वीडनचा तेरावा कार्ल म्हातारा होता, निपुत्रिक होता. वारस म्हणून आणलेला डॅनिश राजपुत्र त्या मे महिन्यात कवायतीच्या मैदानावर घोड्यावरून कोसळला आणि गेला. डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिकने स्वतःचंच नाव पुढे केलं. (बंगालमधल्या ज्या सेरामपूर या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं, तिथल्या कॉलेजला पुढे सनद दिली ती याच राजाने.) पण म्योर्नर नावाचा एक लेफ्टनंट कुणालाही न विचारता पॅरिसमध्ये नेपोलियनच्या एका मार्शलला गादी देऊ करून बसला होता! ऑगस्टमध्ये त्याच बर्नाडोटची निवड झाली आणि पुढे म्हाताऱ्या राजाने त्याला रीतसर दत्तक घेतलं. सप्टेंबरमध्ये वारसाहक्काचा कायदा झाला: गादी बर्नाडोटच्या वंशातल्या पुरुषांनाच.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेली एक वंशवेल आहे. बर्नाडोटचा नातू पंधरावा कार्ल, त्याच्या नावाखाली दोन रेघा. एक मुलगा कार्ल ऑस्कर, १८५४ मध्ये सव्वा वर्षाचा होऊन वारला. दुसरी त्याची थोरली बहीण लोविसा, जगली-वाचलेलं एकुलतं एक मूल. १८६९ मध्ये तिचं लग्न डेन्मार्कच्या युवराजाशी झालं. १८७२ मध्ये कार्ल मालमोला वारला, आणि गादी मुलीला नाही, भावाला मिळाली.

मुलींना हक्क असता तर? लोविसा स्वीडन आणि नॉर्वेची राणी, १९०६ पासून नवरा डेन्मार्कचा राजा, आणि १९१२ पासून तिथे थोरला मुलगा दहावा क्रिस्तियान. लोविसा गेली १९२६ मध्ये. म्हणजे तिन्ही मुकुट एका डोक्यावर यायला १९२६ उजाडलं असतं. तोवर कारभार लोकांनी निवडलेल्यांच्या हाती गेलेला. कोणी कोणाला गिळण्याची भीती नाही. मला हेच फार मोलाचं वाटतं, कारण १८६४ चं एकीकरण रक्तातून आलं असतं.

गादीच्या वारसदारणीला डॅनिश युवराजाशी लग्न करू दिलं असतं का, असं कोणी विचारलं की मी अडखळते. डेन्मार्क-स्वीडनमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीचे दोन्ही काठ एकाच घराण्याकडे जाणं रशिया-प्रशियाला रुचलं नसतं, आणि स्वीडनच्या मंत्र्यांनीही हात आखडता घेतला असता. नॉर्वे मात्र आड आला नसता, असं मी छातीठोकपणे म्हणते. १९०५ मध्ये स्टॉकहोमशी काडीमोड घेतल्यावर नॉर्वेने राजा म्हणून बोलावलं ते लोविसाच्याच दुसऱ्या मुलाला! सार्वमतात २,५९,५६३ लोकांनी होकार दिला, ६९,२६४ लोकांनी नकार. तो सातवा होकोन झाला.

डिसेंबर १९१४. महायुद्ध पेटलेलं. तटस्थ राहायचं ठरवून तिन्ही राजे मालमोला भेटले आणि लोकांना दर्शन द्यायला सज्जात येऊन उभे राहिले. त्यांतले दोघे लोविसाचे मुलगे, तिसरा स्वीडनचा पाचवा गुस्ताव, तिचा चुलतभाऊ. शहर तेच, जिथे बेचाळीस वर्षांपूर्वी तिचे वडील गेले होते. ती तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती, डेन्मार्कची राजमाता.