कुंभारजुव्याचा कालवा आणि हीटरचा टी

डिसेंबरअखेरचे पाच दिवस गोव्यात होतो. पणजीत नाताळच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळेना, मांडवीतल्या कसिनोंचा दणदणाट रात्री उशिरापर्यंत नदीवरून येत राहिला, आणि रायबंदरला फेरीसाठी ताटकळण्यात एक अख्खी सकाळ गेली. एवढं सांगितलं की पहिले तीन दिवस संपले. चौथ्या दिवशीचे, मांडवी आणि झुवारी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातले साडेतीन तास मात्र सविस्तर लिहायचे आहेत. तिथे जे बिघडलं ते बाहेरून आलेल्या कुठल्याही जुन्या बोटीत बिघडू शकतं.

बोट मित्राची. २८ फुटी, फायबरची, युरोपातून सेकंडहँड आलेली. आत तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि त्याच टाकीवर चालणारा दोन किलोवॅटचा केबिन हीटर. गोव्यात डिसेंबरची रात्र विशीच्या आसपास राहते, उबेसाठी हीटर कुणालाच लागत नाही. पण जून ते सप्टेंबर बंद राहिलेल्या केबिनमध्ये गाद्यांच्या खाली आणि प्लायवुडच्या मागे जी बुरशी धरते, तिला वाळवायला याच्यासारखं दुसरं यंत्र नाही. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते. खिडक्या थोड्या उघड्या ठेवून दोन-तीन तास गरम हवा सोडली की लाकडातली ओल बाहेर पडते. मित्राला हीटर त्यासाठीच चालू करायचा होता आणि ते बरोबरच होतं.

ब्रिटोनाहून सकाळी निघालो. डावीकडे चोडणची तिवरं, मग दिवाडी, जुन्या गोव्यापाशी समोरून एक मालवाहू बार्ज आला आणि त्याच्या लाटांनी बोट चांगलीच हलली. कालव्यात शिरून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, इंजिनाचा आवाज वरखाली व्हायला लागला. चढतो, पडतो, पुन्हा चढतो. दोन मिनिटांत बंद.

हा आवाज ओळखून ठेवण्यासारखा आहे. पंख्यात दोर अडकला तर इंजिन एका झटक्यात थांबतं. हेलकावे देत थांबलं की त्याला डिझेल पुरत नाही.

नांगर टाकला, चिखलात लगेच धरला. आणि मग सगळ्यात मोठी चूक झाली. खलाशी सेल मारत सुटला. "सेल मारता, पूण धरना," तो सांगत होता आणि पुन्हा चावी फिरवत होता. आठ-नऊ वेळा. ज्या बोटींत थंडाव्याचं खारं पाणी सायलेन्सरमधूनच बाहेर पडतं, तिथे हे फार धोक्याचं आहे. सेल मारताना पाण्याचा पंप फिरत राहतो, पण पाणी बाहेर फेकायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो, मग पाणी उलटं चढून सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही; पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन पाच-दहा सेकंदांत धरलं नाही की आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. धरलं की त्याच क्षणी उघडायचा, कारण पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलर, कोरडा फार वेळ टिकत नाही.

व्हॉल्व्ह बंद करून सायलेन्सरचा तळाचा बूच काढला. अर्धी बादली खारं पाणी निघालं. क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, कुठे अडलं नाही. ऑइलची पट्टी काढली, ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. वाचलो.

सेल मारताना मागे धूर अजिबात नव्हता. डिझेल पोचतंय पण जळत नाही, तर पांढरा धूर येतो. काहीच नाही म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचतच नाही.

पहिल्या फिल्टरला खाली पारदर्शक वाटी असते. तिचा नळ उघडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि बाटली उन्हात धरली. खाली तीन बोटं पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या मध्ये शेवाळासारखा तपकिरी, लिबलिबीत थर. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून पाणी कायम तळाला, आणि त्या सीमेवर जंतू वाढतात. राहतात पाण्यात, खातात डिझेल. गोव्याच्या दमट उन्हाळ-पावसाळ्यात त्यांचं चांगलंच फावतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळा काढला की वरच्या मोकळ्या जागेतली दमट हवा रात्री पत्र्यावर थेंब धरते. शिवाय डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग तडकलेली होती, म्हणजे पावसाचं पाणी सरळ आत. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दहा-वीस रुपयांच्या रिंगकडे कुणी पाहिलं नाही, याचा मला खरोखर राग आला. ज्यांनी चार महिने बोट सांभाळायचे पैसे घेतले त्यांनी टाकी गच्च भरून ठेवली असती तरी निम्मं दुखणं टळलं असतं. बार्जच्या लाटेने तळचा गाळ ढवळला आणि फिल्टर तुंबला.

नवा फिल्टर बोटीवर होता. तो बसवला, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या दांड्याने डिझेल ओढायला लागलो. हा दांडा कधीकधी सैल लागतो, पंप गेला असं वाटतं. पंप गेलेला नसतो, त्याला हलवणारा इंजिनातला कॅम उंचवट्यावर थांबलेला असतो. इंजिन हाताने एक फेरा फिरवायचं, दांडा पुन्हा जोर धरतो. नळीतली हवा काढायला दुसऱ्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू १० नंबरच्या पान्याने दीड फेरा सैल केला. फेस आला. पन्नास दांडे मारले, फेस. शंभर मारले, तरी साबणाच्या पाण्यासारखा फेस थांबेना.

म्हणजे हवा कुठून तरी नव्याने येत होती. आणि सगळे म्हणत होते, "कुठे गळत तर नाही!" इथेच अनुभवी माणसंही फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची असते. तिला भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो. पंपाच्या पुढची नळी दाबाची, ती मात्र गळते. म्हणून कोरडी नळी हा कसलाच पुरावा नाही.

खात्री करायची सोपी रीत: पाच लिटरच्या कॅनमधलं स्वच्छ डिझेल इंजिनापेक्षा उंच ठेवायचं, त्यातून नळी थेट फीड पंपाला द्यायची, आणि नोझलकडून परत येणारी नळीही कॅनमध्येच सोडायची, नाहीतर कॅन टाकीत रिकामा होतो. तसं केलं. वीस दांड्यांत फेस गेला, काचेसारखी धार आली. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू, तिथेही धार. शेवटी नोझलवरचे १७ नंबरचे नट अर्धा फेरा सैल करून, वर फडकं टाकून, थोडा सेल. इथे हाताचं बोट जवळ न्यायचं नाही. नोझल दीडशे बारच्या वर उघडतात, ती धार कातडीतून आत जाते. नट आवळले, इंजिन धरलं, व्हॉल्व्ह उघडला, मागून पाणी फेकायला लागलं.

मधल्या काळात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावरून एक गृहस्थ बघत होते. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी उचलायला आले असावेत. त्यांनी आमचा दोर घेऊन खुंटाला बांधला, घरून किटलीभर चहा आणला, आणि पाण्यात पाय सोडून बसू नका म्हणून बजावलं. कालव्यात मगरी आहेत. पणजीतल्या कुठल्याही हॉटेलात एवढी आस्था दिसली नव्हती.

हवा कुठून येत होती ते बाणस्तारीच्या पुलाखाली सापडलं. पहिल्या फिल्टरच्या पुढे, फीड पंपाच्या अलीकडे पितळेचा एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, होता. त्याची एक नळी हीटरकडे जात होती. रबराची, कडक झालेली, वाकवली की भेगा उघडणारी. फिल्टर तुंबल्यावर पंपाची ओढ वाढली आणि भेगांतून हवा शिरली. इंजिनाच्या नळीवर हीटरचा टी कधीच मारू नये. हीटरला टाकीच्या माथ्यावरून स्वतःची वेगळी नळी हवी, तिचं टोक तळापासून पाच सेंटिमीटर वर, इंजिनाच्या नळीपेक्षा उंच, म्हणजे डिझेल संपत आलं तर हीटर आधी बंद पडेल.

टी काढून टाकला. पाचव्या दिवशी सकाळी धक्क्यावर हीटर हाती घेतला. टाकीला भोक पाडायला वेळ नव्हता, म्हणून त्यालाही पाच लिटरचा कॅन दिला. पूर्ण जोरावर तो तासाला पाव लिटर पितो, वीस तास पुरतं. रबरी नळीऐवजी दोन मिलिमीटर पोकळीची कडक नायलॉनची नळी. रुंद नळीत बुडबुडा वर अडकून बसतो, खालून डिझेल निसटतं आणि मोठा बुडबुडा आला की ज्योत विझते. बारीक नळीत तो डिझेलबरोबर पुढे सरकतो. टिकटिक करणारा छोटा पंप आडवा बसवलेला होता, तो तोंड वर करून तिरका केला.

पहिल्या चावीला हीटर पेटलाच नाही. डिझेल पेटवणारा प्लग तापताना दहा अँपिअर ओढतो, आणि बॅटरीपासूनची पाच मीटर वायर १.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये सव्वा व्होल्टच्या जवळपास तिथेच जातो. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर तोच तोटा ०.३ व्होल्टवर आला. मग पेटला, पण काळा धूर. बाहेरचा पाइप काढून पाहिला तर कुंभारमाशीने तोंडात मातीचं घर बांधलेलं. ते काढून पंखा फिरवला आणि पूर्ण पाइपला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. हे टाळू नका. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. केबिनमध्ये त्याचा अलार्म नसेल तर हीटरला हात लावू नये.

दोन तास पूर्ण जोरावर चालवला. मंद ठेवला की आत काजळी साचते. बंद करताना फक्त हीटरचं बटण; बॅटरीचा मेन स्विच लगेच पाडला तर पंखा थांबतो आणि तापलेली चेंबर तशीच भाजत राहते. तीन मिनिटांनी पंखा आपोआप थांबला. गाद्या उचलल्या. प्लायवुडवर बुरशीचे डाग होते तसेच होते, पण हात फिरवल्यावर ओल लागत नव्हती.