वळीव-स्टेशन अपडेट: अलार्म रोज चारला का बोंबलतो ते सापडलं

मंडळी, सापडलं एकदाचं! गोव्यातल्या वाळपईत (सत्तरी तालुका) लावलेल्या माझ्या हवामान-स्टेशनचा, हवेचं प्रेशर पडलं की वाजणारा अलार्म रोज दुपारी बोंबलायचा, वळीव येवो न येवो, त्यात सेन्सरचा काहीच दोष नाही. अख्ख्या एप्रिलच्या डेटाची तासावार सरासरी काढून ग्राफ लावला तर सकाळी दहाला चढ, दुपारी चारला खड्डा, रात्री दहाला परत चढ, पहाटे चारला छोटा खड्डा. हवेची भरती-ओहोटी हो! ऊन वरच्या हवेतला ओझोन आणि वाफ तापवतं त्यातून येते, आपल्याकडे दोन-तीन हेक्टोपास्कलची (हे हवेच्या दाबाचं माप). वळीव पण त्याच सुमारास येतो म्हणून दोघांची सोयरीक वाटते, पण तसं काही नाही.

वळवाचं घड्याळ सूर्याचंच, फक्त वाट वेगळी. प्रमाणवेळेची रेघ ८२.५ अंश रेखांशावर आणि आपण ७४ वर, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायलाच साडेबारा होतात, जमीन तापून हवा उसळायला अजून दोनेक तास, तोवर खारे वारे किनाऱ्यावरून सत्तरीत पोचतात आणि समोर सह्याद्री, मग ती ओली हवा वर चढणार नाही तर जाणार कुठे. ढग घाटावर फुगतो आणि वरचा पूर्वेचा वारा त्याला वाळपईवर ढकलतो. काल लॉगमध्ये सगळं ओळीने मिळालं: वेन (वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण) पश्चिमेला, मग वारा ठप्प, वेग मोजणाऱ्या पंख्याचे कप हलेनात, मग धाडकन पूर्वेचा गार झोत, पारा ३४ वरून २५ वर, प्रेशर उलट उडी मारून वर, आणि मागोमाग टपोरे थेंब. काय मजा आली सांगू!

आता त्या भरती-ओहोटीला कोडमधून कसं काढायचं हाच छळ. त्या-त्या तासाची सरासरी वजा केली तर खड्डा जातो, पण ढगाळ दिवशी तो उथळ असतो आणि अलार्म पुन्हा गंडतो. दोन आठवड्यांची सरासरी घेणार होतो... थांबा, हे टाइप करतानाच सुचलं, दुसरा बॅरोमीटर पणजीत ठेवला तर? एवढ्याशा अंतरावर भरती-ओहोटी दोन्हीकडे जवळपास सारखीच, वजाबाकीत उडून जाईल, उंचीचा ठराविक फरक सोडला तर उरेल ते आत तापलेल्या जमिनीवरचं कमी प्रेशर, म्हणजे खाऱ्या वाऱ्याला ओढणारी गोष्टच! सरासरीचा कोड रद्द.

आधी दोन्ही सेन्सर एकाच टेबलावर ठेवून फरक टिपायचा, कारण एखाद्या हेक्टोपास्कलपर्यंतची चूक त्यांच्यात जन्मजातच असू शकते. आणि बीएमई२८० (प्रेशर, तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर) घेताना सांभाळून, ऑनलाइन विक्रेत्याने परत त्याचा भाऊ बीएमपी२८० चिकटवला, आर्द्रता गायब. स्वस्त दिसला की समजून जा.

काही दिवशी वळीव येतच नाही, त्या कोरड्या दिवसांचं उत्तर मात्र पणजीहून सकाळी सोडतात त्या हवामानाच्या फुग्याच्या नोंदींत आहे, वर गरम थर असला की ढग तिथेच अडतो. ते पुढच्या वेळी. पणजीतल्या मित्राकडे गच्ची मागितलीय, वहिनींचा होकार आला की खांब उभा.